खुराक अंगी लागावा कसा?

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी जनावरे खरारा करून, अंग चकचकीत करून ओळीने बांधलेली असतात. घेणारा चाल बघतो, दात बघतो, भोवरे बघतो, पैसे मोजतो आणि घोडी गाडीत घालून गावी आणतो. महिना-दीड महिना जातो आणि त्याच घोडीच्या बरगड्या लांबून दिसायला लागतात. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो तूप पाज, दुसरा म्हणतो टॉनिकचे इंजेक्शन दे, तिसरा शहरातून पावडरीचा डबाच घेऊन येतो. डब्यावर तुकतुकीत घोड्याचे चित्र असते. डबा संपतो, बरगड्या तिथेच.

डबा खोटा असतो असे नाही. तो फार लवकर उघडला जातो, एवढेच. घोडा का वाळला हे ठाऊक नसताना दिलेला कोणताही खुराक अंगी लागत नाही, त्याची लीद होते. तेव्हा आधी घोडा किती वाळला आहे ते मोजायचे, मग का वाळला ते शोधायचे, मग वैरण सुधारायची आणि त्यानंतर, उरलीच गरज तर, पूरक खुराकाकडे वळायचे. पैसाही या क्रमाने गेला तर कमी जातो.

मोजण्यासाठी डोळ्यांवर विश्वास नको. रोज पाहणाऱ्याला घोडा वाळलेला दिसत नाही आणि हिवाळ्यात केस वाढले की कुणालाच दिसत नाही. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डॉन हेन्नेकी यांनी १९८३ मध्ये १ ते ९ अशी एक गुणपद्धत मांडली. आज ती जगभर वापरतात. मान, खोगिरापुढचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ, अशा सहा ठिकाणी हात फिरवायचा. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे चरबीचा गोळा. बरगड्या दिसत नाहीत पण तळवा हलकेच फिरवला की बोटांना लागतात, तो झाला ५. कामाच्या घोड्याला ५ उत्तम, गाभण घोडीला ६ चालेल. बोटांखाली बरगडी लागते आणि दोन बरगड्यांमधली खाचही लागते, पाठीचा कणा थोडा वर आल्यासारखा वाटतो, तर तो ४. खाली ३ आला की काहीतरी बिघडले आहे असे समजावे. मारवाडी घोडा मुळात सडपातळ असतो, भीमथडी तट्टू कमी खाऊन गोल राहते. म्हणून हाताला काय लागते ते खरे, आकाराने फसू नये.

दुसरे साधन शिंप्याची टेप. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यायचा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणायचे, त्याला लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे. येईल ते वजन किलोत. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर सुमारे ३०२ किलो. आकडा काट्याइतका तंतोतंत नसतो. पण दर पंधरा दिवसांनी, एकाच वेळी, एकाच हाताने टेप लावली तर वजन वर चालले आहे की खाली, हे तो नक्की सांगतो. तबेल्याच्या भिंतीवर खडूने तारीख आणि घेर लिहून ठेवणारा मोतद्दार कुठल्याही कंपनीच्या प्रतिनिधीपेक्षा जास्त उपयोगाचा.

आता, का वाळला? पहिला संशय दातांवर. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात आणि घासताना कडेला धारदार टोके उरतात. वरच्या दाढांची टोके गालाला, खालच्यांची जिभेला टोचतात. असा घोडा घास चावतो, चघळतो आणि गवताचे ओले गोळे करून खाली टाकतो. गव्हाणीजवळ असे गोळे पडलेले दिसले, किंवा लीदेत अख्खे चणे आणि बोटभर लांब काड्या आढळल्या, तर खुराक वाढवण्याआधी डॉक्टरांकडून दात घासून घ्यावेत. वर्षातून एकदा तरी तोंड तपासावेच, पंधरा वर्षांच्या पुढच्या जनावराचे दोनदा.

दुसरे जंत. दर दोन महिन्यांनी डोळे मिटून तेच औषध पाजण्याची रीत आहे. तिने औषधाला न जुमानणारे जंत तयार होतात. लीद तपासून अंडी किती ते पाहावे आणि मग औषध ठरवावे.

तिसरे कारण आपल्याकडे हमखास चुकते. पावसाळा सरता सरता गोमाश्या माजतात आणि त्यांच्या चाव्यातून ‘सर्रा’ पसरतो. रक्तात शिरणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचा हा रोग. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. घोडा खात राहतो आणि तरी वाळत जातो. पायांवर, पोटाखाली सूज उतरते. डोळ्यांच्या आतली कड पांढरट दिसते. रक्त कमी झाले म्हणून लोक लोहाचे टॉनिक आणतात. खरे तर गवत खाणाऱ्या मोठ्या घोड्याला लोह क्वचितच कमी पडते आणि सर्रा झालेल्याला त्या टॉनिकचा काहीएक उपयोग नाही. रक्ततपासणी आणि नेमके औषध, एवढाच मार्ग. ‘खातो पण अंगी लागत नाही’ हे वाक्य तोंडात आले की डब्याआधी रक्ताची बाटली आठवावी.

चौथे कारण पोटातले. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असते, खाणे असो वा नसो. निसर्गात तो दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो, लाळ गिळत राहतो आणि आम्ल निवत राहते. वरातीची घोडी दुपारपासून सजवून उभी करायची आणि रात्री बारा वाजता एकदम तोबरा भरून चणे द्यायचे, हा अल्सरला आवतण देण्याचा प्रकार आहे. वाट पाहण्याच्या वेळात गवताची जाळी पुढ्यात टांगली तरी निम्मे काम होते.

हे सगळे तपासून झाले की वैरण. घोड्याचा खरा कारखाना मागे, मोठ्या आतड्यात आहे. तिथले जिवाणू गवताचा धागा आंबवून त्यातून ऊर्जा काढतात. त्यांना रोज, भरपूर आणि एकसारखा माल लागतो. वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा कमी वैरण कधीच नको. वाळलेल्याला दोन ते अडीच टक्के द्यावी. म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला वाळलेले गवत रोज सहा ते साडेसात किलो. अनेक ठिकाणी पेंढी उचलून अंदाजाने टाकतात आणि वजन केले तर ती साडेतीन किलो भरते. मासळी तोलायचा स्प्रिंगकाटा आणावा, आठ दिवस वजन करून गवत घालावे. बऱ्याच घोड्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

गवत कोणते, तेही महत्त्वाचे. पवन्या, मारवेल फुलोऱ्यावर असताना कापून सुकवले तर त्यात सत्त्व असते. बी झडून काडी पिवळी पडल्यावर कापलेले गवत पोट भरते, अंग भरत नाही. भाताचा पेंढा तर नुसता भरताड. कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला घालू नये. तिच्याने मूत्राशय सुजते आणि मागचे पाय लटपटतात. गाईम्हशींसाठी लावलेल्या नेपिअर किंवा गिनी गवतावर घोडा महिनोन्‌महिने ठेवणेही धोक्याचे, कारण अशा गवतांतले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. लसूणघास मात्र वाळलेल्या घोड्याचा खरा मित्र. प्रथिने जास्त, कॅल्शियम जास्त, शिवाय जठरातले आम्लही निवते. सगळी वैरण लसूणघासाची करायचे कारण नाही. पाव ते एक तृतीयांश पुरे.

आता हिशेब. ३०० किलोच्या घोड्याला नुसते उभे राहायला दिवसाला साधारण १०,००० किलोकॅलरी लागतात, मध्यम काम असेल तर १४,०००. त्याची गुणसंख्या ४ वरून ५ वर न्यायची तर अंगावर दहा-बारा किलो चढायला हवेत. ते अडीच-तीन महिन्यांत चढवायचे म्हटले तर रोज सुमारे ३,००० किलोकॅलरी जादा द्याव्या लागतात. याहून घाई करू नये. या तीन हजार येतात कुठून? एक किलो धान्यातून येतात. किंवा एक किलो वाळलेला लसूणघास आणि १०० मिलिलिटर तेल यांतूनही येतात. दुसरा मार्ग पोटाला जास्त मानवतो.

कारण धान्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, भरपूर असते आणि घोड्याचे जठर लहान. एका वेळी फार चंदी घातली तर न पचलेले स्टार्च मागे मोठ्या आतड्यात सांडते, तिथे आम्ल होते आणि मग पोटशूळ किंवा लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतला दाह. घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेले ते पुढेच जाणार. म्हणून ३०० किलोच्या जनावराला एका वेळी पाऊण किलोपेक्षा जास्त धान्य नको. जास्त हवे असेल तर तीन वेळा विभागून द्यावे, आणि आधी थोडे गवत. आपल्याकडे चणा चालतो, कुळीथही चालतो. इंग्रजांनी कुळथाच्या नावातच घोडा घालून ठेवला आहे. चणा रात्री भिजवावा, सकाळी निथळावा, भरडलेला असेल तर नुसता ओलावावा. उन्हाळ्यात भिजलेला चणा दुपारपर्यंत आंबतो. त्याला वास आला की तो टाकून द्यायचा, ‘आता वाया कशाला घालवायचा’ असे म्हणायचे नाही.

तेल हा पूरक खुराकातला सर्वांत साधा आणि सर्वांत स्वस्त उपाय. १०० मिलिलिटर तेलात जवळपास ८०० किलोकॅलरी असतात आणि त्याने घोडा उष्ण किंवा बेभान होत नाही. सोयाबीन, करडई, शेंगदाणा, जवस, कोणतेही ताजे खाद्यतेल चालते. भजी तळून उरलेले चालत नाही. सुरुवात दोन चमच्यांनी, म्हणजे ३० मिलिलिटरने करावी, दर तीन-चार दिवसांनी थोडे वाढवत दोन-तीन आठवड्यांत १००-१५० वर न्यावे. ३०० किलोच्या घोड्याला २०० च्या पुढे जाऊ नये. लीद सैल, चिकट झाली की एक पायरी खाली यावे. वास आवडत नाही म्हणून घोडा तोंड फिरवतो. मूठभर गुळाचे पाणी शिंपडले की बहुधा मानतो. तेल वाढले की ई जीवनसत्त्वाची गरजही वाढते, १०० मिलिलिटरमागे साधारण १०० युनिट. हिरवी वैरण मिळत नसेल तेव्हा हे पूरक खरोखर घ्यावे. विदर्भात जवस पिकतो. १००-१५० ग्रॅम जवस रोज ताजा भरडून दिला तर चरबीबरोबर ओमेगा-३ मिळते आणि अंगावरचे केस चमकतात.

भाताच्या कोंड्यातही पंधरा टक्क्यांच्या वर चरबी असते, पण अट अशी की तो गिरणीतून आणून लगेच संपवावा. दोन-तीन दिवसांतच खवट होतो. आणि पशुखाद्याच्या दुकानात पोत्यावर डीओआरबी लिहिलेला कोंडा असतो, त्यातले तेल आधीच काढून घेतलेले असते. तो आणून घोडा भरेल अशी आशा करणारे पुष्कळ आहेत.

गव्हाच्या कोंड्याविषयी थोडे थांबून सांगायला हवे. कोंड्याची गरम पेज हा घोडेवाल्यांचा जुना लाडका पदार्थ. पण कोंड्यात कॅल्शियमच्या आठ-दहा पट फॉस्फरस असतो आणि घोड्याला हवे असते उलटे: कॅल्शियम निदान बरोबरीचे, शक्यतो दीडपट. रोज किलो-दोन किलो कोंडा, जोडीला चणा आणि वैरणीला नेपिअर, असा आहार काही महिने चालला की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून काढते. जबड्याची हाडे मऊ पडून फुगतात, तोंड मोठे दिसते, घोडा आलटून पालटून पाय लंगडतो. पूर्वी पीठगिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा रोग व्हायचा, कारण कोंडा त्यांच्याकडे फुकट होता. एक किलो कोंड्यामागे ३० ग्रॅम खाद्य दर्जाची चुनखडीची पूड घातली तर फरक बराच भरून निघतो. पानाला लावायचा चुना वेगळा, तो नव्हे.

पाठ खोलगट असेल, पुठ्ठे आत बसले असतील तर नुसत्या कॅलरींनी काम होत नाही. ते स्नायू आहेत. त्यांना प्रथिने हवीत, त्यातही लायसिन हे अमिनो आम्ल, आणि व्यायाम हवा. सोयाबीन पेंड पाव किलो ते चारशे ग्रॅम पुरते. कच्चे सोयाबीन नको. त्यातल्या एका घटकामुळे प्रथिने पचत नाहीत, भाजल्याशिवाय तो जात नाही. लातूरपासून विदर्भापर्यंत शेतकऱ्याच्या घरात सोयाबीनची पोती असतात म्हणून हे सांगावे लागते. पेंड देऊन घोडा दिवसभर बांधून ठेवला तर पोट सुटते, पाठ भरत नाही. रोज अर्धा तास चढावर पायी चालवणे हा पाठीसाठी सर्वांत चांगला पूरक.

पैलवानाचा खुराक घोड्याला लावायची हौसही मोठी. जत्रेतल्या महागड्या घोड्यांच्या बातम्यांत दूध, तूप, अंडी, बदाम यांची यादी दरवर्षी वाचायला मिळते. पण तीन-चार वर्षांच्या पुढच्या घोड्याच्या आतड्यात दूध पचवणारे लॅक्टेज फारसे उरतच नाही; पाच लिटर दुधाने फक्त लीद पातळ होते. तूप ही शेवटी चरबीच, सोयाबीन तेलाच्या कितीतरी पट भावाची. आणि रोज अर्धा किलो गूळ खाणाऱ्या, मानेवर चरबीचा वळ आलेल्या घोड्याला लॅमिनायटिस झाला तर दोष गुळाचाच.

आता डबे. यीस्टच्या पुडीने धागा पचायला थोडी मदत होते, विशेषतः प्रवासानंतर किंवा वैरण बदलताना. बायोटिन खुरांसाठी असते, वजनासाठी नव्हे, आणि खूर वाढायला नऊ-दहा महिने लागतात. मीठ मात्र रोज हवे: साध्या घोड्याला २५-३० ग्रॅम, उन्हात घाम गाळणाऱ्याला ५० पर्यंत. चांगले खनिज मिश्रण एकच निवडावे आणि लेबलावरच्या मात्रेत द्यावे. दोन-तीन डबे एकत्र केले तर काही घटकांची मात्रा दुप्पट-तिप्पट होते आणि सेलेनियमसारख्या घटकात ते जिवावर बेतते. एप्रिल २००९ मध्ये फ्लोरिडातल्या वेलिंग्टन इथे पोलोच्या मोठ्या स्पर्धेसाठी आलेले व्हेनेझुएलाच्या संघाचे २१ घोडे काही तासांत मेले. सामन्याआधी त्यांना शक्तिवर्धक जीवनसत्त्वांचे मिश्रण टोचले होते. औषध बनवताना सेलेनियमची मात्रा चुकून कितीतरी जास्त पडली होती. ते जगातले निवडक, कोट्यवधींचे घोडे होते. आपल्याकडे लेबल नसलेल्या बाटलीतून ‘भरण्याचे’ इंजेक्शन कुणी द्यायला आला तर एवढे आठवले तरी पुरे.

गाईम्हशींचे आणि कोंबड्यांचे खाद्य घोड्याला कधीही घालू नये. स्वस्त पडते म्हणूनही नाही. त्यांतल्या काहींत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते; कोंबडीला किंवा गाईला ते सोसते, घोड्याच्या हृदयाचा स्नायू त्याने मरतो. वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम मात्राही जीव घेऊ शकते. तबेल्यात म्हशी आणि घोडे एकत्र असतील तर पोती वेगळ्या खोलीत ठेवावीत, खाद्य काढायचे माप वेगळे, बादलीही वेगळी.

एक घोडा मात्र या सगळ्या हिशेबाबाहेरचा. गुणसंख्या १ किंवा २, हाडे वर आलेली, उठायला त्रास, कुणीतरी सोडून दिलेला. त्याला पाहून कळवळा येतो आणि माणूस बादलीभर चणे पुढे ठेवतो. त्यानेच तो मरतो. उपाशी शरीरात एकदम पिष्ट गेले की इन्सुलिन उसळते, रक्तातले फॉस्फरस आणि मॅग्नेशियम कोसळतात आणि चार-पाच दिवसांत हृदय थांबते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी अशा घोड्यांवर वेगवेगळे आहार करून पाहिले. सर्वांत बरा ठरला पानाळ लसूणघास. पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलो, रात्रीसुद्धा. मग हळूहळू घास मोठे आणि खेपा कमी. सहाव्या दिवसापर्यंत दर आठ तासांनी पावणेदोन-दोन किलो. दहा दिवसांनंतर पोटभर. धान्य आणि तेल यांचे नाव त्याआधी काढायचे नाही. असा घोडा माणसात यायला तीन ते पाच महिने लागतात.

वजन भरले की नवी चूक होते: खुराक एकदम बंद. टेपेवर हवा तो आकडा आला की आधी तेल निम्मे करावे, दोन आठवडे पाहावे, मग चणा थोडा उतरवावा. गवताला हात लावू नये. बदल कुठलाही असो, सात ते दहा दिवसांत मुरवावा. जत्रेतून आणलेल्या घोडीबरोबर विकणाऱ्याकडून आठ दिवसांची तिची नेहमीची वैरण आणि चंदी मागून घ्यावी आणि आपली वैरण त्यात रोज थोडी थोडी मिसळत जावी. विकणारा हसेल, पण देईल. आणि घोडी घरी उतरवल्याच्या दिवशीच, ती पाणी पिऊन शांत झाली की, घेर मोजून पहिला आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.